हजेरीपटाबाहेरची मुले

डहाणूहून चारोटीकडे जाताना वाटेत गंजाड लागते. तिथल्या रस्त्यावर टायर-पंक्चरचे दुकान चालवणारे एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. त्यांची थोरली मुलगी २०२२ साली आठवी पास झाली आणि घरी बसली. कारण एक नव्हते. नववीसाठी डहाणूला यावे लागणार होते. आईच्या गुडघ्याचे दुखणे होते. धाकटी दोन भावंडे होती. आणि वडिलांचे एक वाक्य होते, जे आपल्या घरांत पुष्कळदा शेवटचे ठरते: "मुलगी मोठी झाली."

वडिलांशी वाद घालून उपयोग झाला नाही. शेवटी एवढे ठरले की मुलगी घरी शिकेल, मी रविवारी जाईन आणि वेळ आली की १७ नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसेल. त्या हिवाळ्यात एका रविवारी तिची आई शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्यासमोर बसली. कुणीतरी सांगितले होते की अल्पसंख्याक मुलींना नववी-दहावीसाठी पैसे मिळतात. अर्जात शाळेचे नाव, मागच्या वर्षाची टक्केवारी, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, असे सगळे रकाने होते. टक्केवारी होती. बाकीचे रकाने रिकामे राहणार होते.

मी समजावून सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, शेजारची मुलगी शाळेत नाव असूनही निम्मे दिवस घरीच असते. तिला मिळतात. माझी रोज पुस्तक उघडते. हिला का नाही?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे नियमाचे उत्तर होते, न्यायाचे नव्हते. हा लेख त्या न्यायाच्या उत्तरासाठी आहे.

आपल्याकडे शिक्षणासाठी सरकारी मदत कमी नाही, पण ती कुणाला मिळते ते नीट पाहा. मोफत पाठ्यपुस्तके शाळेच्या पटावर नाव असलेल्या मुलाला. दुपारचे जेवण शाळेत बसलेल्या मुलाला. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास शाळेच्या दाखल्यावर. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपयांची आहे आणि नववी ते बारावी मिळते. पण ती सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेतल्या मुलांसाठीच. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून एखादे गरीब मूल खाजगी शाळेत गेले तर राज्य सरकार त्याच्यासाठी त्या शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देते. तेच मूल घरी शिकत असेल तर त्याच्या नावावर एक रुपयाही खर्च होत नाही.

नवीन लेक लाडकी योजनाही याच वळणाची आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. जन्माला ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००. मधले तीन हप्ते म्हणजे २१,००० रुपये. ते इयत्तेच्या पायरीला बांधलेले आहेत. मुलगी शाळेच्या पायरीवर नसेल तर ते हप्ते कुठल्या कागदावर मागायचे?

म्हणजे सरकार मदत मुलाला देत नाही, पटाला देते. यात सरकारची सगळीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. पैसा मुलाला शाळेत आणण्यासाठी आमिष म्हणून ठेवलेला आहे आणि त्या आमिषाने लाखो मुली शाळेत आल्या. मी स्वतः शिक्षिका आहे. शाळेला पर्याय नाही असेच मला वाटते. पण जे मूल सगळे करूनही शाळेत येत नाही आणि तरीही शिकते, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

घरी शिकणारी मुले म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतली सुशिक्षित कुटुंबे येतात. शाळेच्या चाकोरीला कंटाळून ती मुलांना घरी शिकवतात. शिक्षण हक्क कायद्याने अशा गृहशिक्षणाला दिलेली स्पष्ट मान्यता नाही आणि आजवर त्या पालकांच्या मागेही कुणी फारसे लागलेले नाही. त्यांना सरकारचा पैसा नको असतो. परीक्षेला बसता यावे आणि दाखला चालावा एवढेच हवे असते. ती सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून करते आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पाचवी पास आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असली की दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते. अलीकडे राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही झाले आहे.

दुसऱ्या प्रकारची मुले मात्र घरी राहणे निवडत नाहीत. गंजाडची ती मुलगी त्यातली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे वारली मूल त्यातले. हिफ्ज करण्यासाठी चार वर्षे मदरशात राहिलेला मुलगा, नंतर वयाने मोठा झाला म्हणून आठवीच्या वर्गात बसायला लाजणारा, तोही त्यातलाच. यांना पैसाही हवा असतो आणि मान्यताही. मिळत दोन्हींपैकी काहीच नाही.

मदरशाचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देते. २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. तशी मागणी आपल्याच संघटनांनी केली होती. पुढे जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की जिथे गणित, विज्ञानासारखे विषय शिकवले जात नाहीत त्या मदरशातली मुले शाळाबाह्य धरायची. ४ जुलैला राज्यभर एका दिवसाचे सर्वेक्षण झाले. तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ उठला होता! मोर्चे, निवेदने, टीव्हीवरच्या चर्चा. मुलांना 'शाळाबाह्य' म्हटल्याचा अपमान आपल्याला झोंबला. पण एक प्रश्न मी तेव्हाही विचारला होता आणि आजही विचारते. आपण शब्दावर भांडलो, त्या शब्दाबरोबर येणारा हक्क मागितला का? शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. आपण म्हणायला हवे होते: ठीक आहे, म्हणा शाळाबाह्य, आणि आता द्या ते प्रशिक्षण. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत शिक्षकांचे मानधन २०२४ मध्ये वाढले, डी.एड.ला ६,००० चे १६,००० आणि बी.एड.ला ८,००० चे १८,००० झाले. चांगलेच झाले. पण हीसुद्धा मदत संस्थेलाच. संस्थेच्या दारातून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती काही नाही.

आता एक कबुली देते. आजवर ती कुठे लिहिलेली नाही.

बी.एड. मी पुढे केले. त्याआधी डी.एड.वर एका पाड्यावरच्या शाळेत काही काळ शिकवत होते. तेव्हा प्राथमिक वर्गातल्या गरीब मुलींना उपस्थिती भत्ता मिळायचा. १९९२ पासूनची योजना. दिवसाला एक रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये, अट ७५ टक्के हजेरीची. चौथीतली एक वारली मुलगी दिवाळीनंतर भट्टीवर गेली. हुशार होती, पाढे तोंडपाठ. तिचे ते रुपये बुडू नयेत म्हणून मी महिनोन् महिने तिच्या नावापुढे हजेरी लावत गेले. मला वाटले, मी तिच्यावर उपकार करते आहे.

काय झाले ते खूप उशिरा लक्षात आले. कागदावर ती रोज शाळेत होती. त्यामुळे स्थलांतरित मुलांच्या यादीत तिचे नाव आले नाही. ज्या गावात भट्टी होती तिथल्या शाळेला दाखवायचे शिक्षण हमी कार्ड तिला मिळाले नाही. भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपर्यंतही ती पोहोचली नाही. ती हरवली आहे हे कुणाला कळण्याची सोयच मी ठेवली नव्हती. पावसाळ्यात परत आली तेव्हा पाढे विसरली होती. पाचवीत काही दिवस आली आणि मग आलीच नाही. २२० रुपयांसाठी मी तिला पटावर ठेवले आणि शाळेतून घालवले.

म्हणून गंजाडच्या त्या आईने जेव्हा चाचरत विचारले, "कुठल्या शाळेत नुसते नाव घालता येईल का मॅडम, जायचे नाही," तेव्हा मी नाही म्हणाले. पैशाची गरज त्या घराला होती. मलाही ती दिसत होती. पण खोट्या हजेरीची किंमत मी एकदा पाहिली आहे आणि ती माझ्या खिशातून गेलेली नाही.

जिथे खरे सांगितले तर मदत जाते आणि खोटे सांगितले तर मदत मिळते, तिथे नियमच माणसाला खोटे बोलायला शिकवतो. तो नियम बदलायला हवा.

सरकारला हे शक्य नाही असे कुणी म्हणेल, तर ते खरे नाही. सरकारने हे आधीच केलेले आहे, फक्त तुकड्यातुकड्यांत. २०१२ च्याच दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय कायद्याने दिला. समग्र शिक्षा योजनेत अपंग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, अपंग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव जवळच्या शाळेत ठेवायचे आणि शिक्षकाने घरी जायचे, ही रीत त्यातून रुळली आहे.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. २०२१ साली समग्र शिक्षा योजना पुढे चालू ठेवताना केंद्राने एक कलम घातले. १६ ते १९ वयाची, शाळेबाहेर असलेली अनुसूचित जाती, जमातीची आणि अपंग मुले मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करत असतील तर त्यांना २,००० रुपयांपर्यंत मदत द्यायची. हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. गंजाडसारख्या गावात, जिथे वस्ती मुख्यतः वारल्यांची आहे, तिथे किती मुलामुलींना याचा उपयोग होईल! हे वाचणाऱ्या कुणी शिक्षकाने आपल्या ओळखीतल्या एका वारली मुलीसाठी जरी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात याची चौकशी केली तरी माझे लिहिणे कारणी लागले.

याच कलमातून माझी मागणी निघते. वारली मुलीला मिळते आणि मुसलमान मुलीला नाही, अशी तक्रार मी करत नाही. वारल्यांचे दारिद्र्य आणि त्यांच्यावर झालेला अन्याय आपल्यापेक्षा मोठा आहे, हे या तालुक्यात राहून न कळणारा आंधळा म्हणावा लागेल. माझे म्हणणे एवढेच की तत्त्व तर सरकारने मान्य केले आहे: शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलालाही मदत देता येते. मग ती उत्पन्नावर द्या. आणि १६ व्या वर्षी कशाला थांबता? मुलगी घरी बसते ती चौदाव्या वर्षी. शिक्षण हक्क कायद्याचे छत्रही तिथेच संपते.

तिसरे उदाहरण. एक पालक गमावलेल्या किंवा अनाथ मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपयांची. ती शाळेच्या पटावरून सुरू होत नाही, मुलाच्या परिस्थितीवरून सुरू होते. चौथे, करोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ घरी गेली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात केंद्राने ११.८ कोटी मुलांना साधारण शंभर-शंभर रुपये थेट देण्याचे जाहीर केले. मूल वर्गात नसतानाही मदत त्याच्यापर्यंत पोहोचू शकते हे त्या दोन वर्षांनी दाखवले.

बाहेरच्या देशांतही याची उत्तरे सारखी नाहीत. जर्मनीत मुलांना घरी शिकवायला परवानगीच नाही. इंग्लंडमध्ये आहे, पण शिकवण्याचा खर्च आईबापांनीच करायचा. मुलाचा सरकारी भत्ता मात्र, सोळाच्या आधीपासून घरी शिकत असेल तर, सोळानंतरही चालू राहतो. अमेरिकेत घरी माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला मुलगा, त्याच्या राज्याचा कायदा पाळलेला असेल तर, कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत मागू शकतो. तिथे घरी शिकला या एकाच कारणावरून त्याला परत पाठवत नाहीत.

आपल्याकडेही बारावीनंतर जवळपास तसेच आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. कागद करून ठेवा. म्हणजे आठवीपर्यंत कायदा आहे, बारावीनंतर फीमाफी आहे. मधली चार वर्षे, नववी ते बारावी, ज्यांत मुलगी गळते, त्यांत घरी शिकणारीसाठी काही नाही. २०२२-२३ पासून केंद्राने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा आहेच, असे कारण दिले. मग जी मुले त्या कायद्याच्या वर्गातच नाहीत, त्यांचे कारण कुणी द्यायचे?

आता सगळ्यात जड आक्षेप. माझ्याच शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तो घेतला: "तू घरी शिकणाऱ्यांना पैसे मागतेस. उद्या बाप म्हणेल, घरी बसवूनही पैसे येतात, मग शाळेत कशाला पाठवू? आपल्या मुलींना दाराबाहेर काढायला पन्नास वर्षे लागली. तू दार परत लावतेस."

हा आक्षेप मी उडवून लावत नाही. रात्री झोपताना मलाही तो छळतो. गंजाडच्या त्या घरात खरी अडचण पैशाची होती की "मुलगी मोठी झाली" या वाक्याची? दोन्हींची होती. आणि त्या वाक्यावर सरकारी योजना नाही. तिथे आपणच बोलायला हवे, मशिदीच्या कमिटीत, लग्नाच्या मांडवात, जमातीच्या बैठकीत. एसटीचा पास मोफत आहे. पण थांब्यापासून घरापर्यंत चालायचे पाऊणएक किलोमीटर त्या पासात येत नाही. तेवढे अंतर गावातल्या चार मुली एकत्र चालल्या तर संपते. त्या चार मुली एकत्र करणे हे आपले काम आहे.

म्हणून माझी मागणी घरी राहण्यासाठी पैशांची नाही. परीक्षा देण्यासाठी पैशांची आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव जवळच्या सरकारी शाळेत वेगळ्या रकान्यात खरेखुरे नोंदवा: "बाहेरून शिकणारा". त्याला पुस्तके द्या, शाळेचे ग्रंथालय वापरू द्या, वर्षातून दोनदा चाचणीला बोलवा. ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलींचे १७ नंबरचे आणि मुक्त विद्यालयाचे शुल्क माफ करा. दोन हजारांची ती मदत १४ ते १९ वयाच्या सगळ्या गरीब मुलांना द्या. निम्मी नोंदणी झाल्यावर, निम्मी परीक्षेला बसल्यावर. लेक लाडकीचे हप्ते मुक्त विद्यालयाच्या त्याच पातळीलाही लागू आहेत असे आजच लिहून ठेवा. त्या योजनेतल्या पहिल्या मुली पहिलीत जायला अजून वेळ आहे. आणि त्या रकान्यातले नाव दरवर्षी मुख्याध्यापकांनी पाहावे, घरी जाऊन विचारावे: आता येतेस का? शाळेचे दार तिच्यासाठी उघडे ठेवण्याचे काम तो रकानाच करेल.

या तालुक्याला हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. गुरे सोडून ये, मग शिकवतो, असे त्यांनी म्हटले नाही. आणि याच गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहत होते. ते चित्रकला कुठल्या वर्गात शिकले नव्हते. देशाने त्यांना २०११ साली पद्मश्री दिली, तेव्हा दाखला मागितला नाही. पण सगळेच मशे होत नाहीत. साध्या मुलीला दाखला लागतोच, आणि तो मिळेपर्यंत थोडा आधारही.

ती मुलगी २०२५ मध्ये खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसली. गणितात काठावर आणि मराठीत माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले गुण मिळवून पास झाली. शुल्क वडिलांनी भरले, दुकानाच्या गल्ल्यातून, दोन खेपांत. निकालाच्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "मोठी झाली" हे वाक्य या वेळी ते वेगळ्या आवाजात म्हणाले.

आता ती बारावीच्या तयारीला लागली आहे. नर्सिंगला जायचे म्हणते. तिथे पोहोचली तर सरकार तिच्या फीचा विचार करील. पण तिथवर ती सरकारच्या कुठल्याच यादीत नाही. तिचे नाव फक्त माझ्या वहीत आहे, आणि त्या वहीत मी आता फक्त खरी हजेरी लावते.